विहिणीपुरतं इंग्रजी

बाळांनो, गेल्या आठवड्यात थोरलीनं मला तिच्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. पानावर इंग्रजी वाक्यं होती आणि वर सूचना होती: वस्तू कोणाची ते सांगणाऱ्या शब्दाखाली लाल रेघ मारा, दोन गोष्टी जोडणाऱ्या शब्दाखाली निळी, आणि ती कुठे, कशाखाली, कशाच्या मागे ते सांगणाऱ्या तुकड्याखाली हिरवी. खाली थोरलीचा निरोप होता, ‘आजी, तू तीस वर्षं हेच शिकवलंस? याचा उपयोग काय?’ त्यावर धाकट्यानं घोरणाऱ्या माणसाचं चित्र पाठवलं. मी फोनवर उत्तर द्यायला लागले, तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. अर्धं उत्तर द्यायची मला सवय नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. मराठीत लिहिते, म्हणजे तुमच्या बाबाला मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. त्याचंही मराठी वाचन अलीकडे गंजलं आहे. आणि आत्ताच लिहिते, कारण ज्या गोष्टीमुळे मला या प्रश्नाचं उत्तर मिळालं ती ताजी आहे. आणखी दोन वर्षांनी मी तिला तिखटमीठ लावायला लागेन.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक बाई भाजी घेऊन बसते. मखमलाबादच्या पुढे त्यांचं शेत आहे. मेथी, कोथिंबीर, वांगी आणि कडेला शेवंती नि झेंडू. तिचा नवरा तिला पाट्यांसकट टेम्पोतून इथे उतरवतो आणि फुलं घेऊन बाजारात जातो. बारा वर्षं मी तिच्याकडूनच भाजी घेते. तिची मेथीची जुडी कधी मधून पिवळी निघाली नाही, आणि मी कधी जुडी उलटीपालटी करून पाहिली नाही, एवढ्यावर आमची ओळख पक्की झालेली.

तिची मुलगी इंजिनीयर. आधी पुण्याला नोकरी होती, मग कंपनीनं स्कॉटलंडला पाठवलं. मागच्या दिवाळीत एका शुक्रवारी सगळी भाजी संपली तरी बाई उठेना. मला म्हणाली, “बाई, जरा बसता का? एक काम हाय.”

मी फाटकाजवळच्या बाकावर बसले.

“पोरीनं तिकडं जमवलंय. गोरा हाय. पोरगा बरा वाटतो, फोनवर नमस्कार करतो. संक्रांतीनंतर त्याची आई येतीय घर बघायला.”

“अरे वा. छानच की.”

“छानच. पण मला इंग्रजी शिकवा. लय नको. इहिणीपुरतं.”

मी म्हटलं, तुझी मुलगी असेल ना सोबत, ती सांगेल दोघींचं एकमेकींना. तर म्हणाली, पोरीनं स्वतःच्या लग्नात आईची दुभाषी व्हायचं, हे काय बरं दिसतं का? मग मी म्हटलं, फोन आहे, त्यात बोललं की भाषांतर होतं. तिनं ते करून पाहिलं होतं. फोनसमोर ‘ही माझी जाऊ’ असं म्हटल्यावर फोननं इंग्रजीतून ‘चला निघूया’ असं काहीतरी सांगितलं. तेव्हा तिचा फोनवरचा विश्वास उडाला.

“आणि मग उरतात आमचे भाऊजी,” ती म्हणाली. म्हणजे तिचे मोठे दीर. ते सिन्नरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, निवृत्त झालेत. साहेबलोकांशी बोलून बोलून त्यांना इंग्रजी येतं, आणि ते येतं हे सगळ्या गावाला माहीत आहे. “भाऊजी बोलायला बसले की त्यांचंच बोलत्यात. मी शंभर शब्द सांगायचे, ते धा सांगायचे, आणि त्यातले आठ त्यांचे.”

मी विचारलं, “पण तुला विहिणीला सांगायचंय तरी काय?”

तिनं पाटी पुसायचं फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. “माझी पोर रागावली ना, की जेवत नाय. लहानपणापासून. तिला समजावायला गेलं की आणखीनच बसते. काय बोलायचं नाय, फक्त ताट करून पुढ्यात ठेवायचं आणि आपण दुसरं काम करायचं. अर्ध्या घंट्यात जेवते. हे इथं मला एकटीला माहीत हाय. तिथं कुणाला माहीत नको का? हे भाऊजी नाय सांगायचे. त्यांना ते हलकं वाटंल.”

एवढंच होतं. तिला आपल्या तोंडानं एका परक्या बाईला एक गोष्ट सांगायची होती. सातासमुद्रापलीकडे पोर उपाशी बसली तर ताट कसं वाढायचं, ते.

दुसऱ्या मंगळवारपासून शिकवणी सुरू झाली. वेळ अकरा ते पावणेबारा, जागा पार्किंगमधला बाक. मी माझ्या पद्धतीनं तीन वाट्या आणल्या. एकीवर चिठ्ठी लावली ‘कोणाचं’, दुसरीवर ‘जोड’, तिसरीवर ‘कुठे’. वाट्यांत शब्दांच्या चिठ्ठ्या. प्रत्येक वाटीतली एक घ्यायची आणि वाक्य मांडायचं. तीस वर्षं मुलींच्या शाळेत मी हे असंच शिकवलं होतं, फक्त तिथे वाट्यांऐवजी खडूनं काढलेले चौकोन असायचे.

पहिल्या वाटीवर ती खूश झाली. मराठीत भावाचा मळा, भावाची विहीर, भावाचं घर. प्रत्येक वेळी शेपटी बदलते. इंग्रजीत भावाला एक ‘स’ चिकटवला की मळा असो, विहीर असो, काही फरक नाही. “बरं हाय की,” ती म्हणाली, “बाई-बुवा सगळे एका रांगेत.” आणि तिला या वाटीची गरजही फार होती. इंग्रजीत जाऊ, नणंद, भावजय, मेहुणी या सगळ्यांना एकच शब्द आहे. यातल्या पहिल्या तिघी तिच्या गोतावळ्यात आहेत आणि त्यांची एकमेकींत सरमिसळ झालेली कुणालाही चालणार नाही. त्यामुळे प्रत्येकीची ओळख साखळीनं करून द्यावी लागणार होती: माझ्या नवऱ्याच्या भावाची बायको, माझ्या भावाची बायको. ती बोटांच्या पेरांवर ‘स’ मोजत जायची आणि शेवटच्या पेरावर माणूस यायचं.

दुसऱ्या वाटीत आमचं वाजलं. तिला ‘अँड’ सापडलं आणि तिनं ते सोडलंच नाही. घर अँड विहीर अँड गाय अँड शेवंती अँड सासूबाई. मी म्हटलं, एका वाक्यात दोनच. ती म्हणाली, “भाजी इकताना मी काय मोजून बोलते का?” मी म्हटलं, जुडी बांधताना काड्या मोजत नाहीस, पण हातात मावतील तेवढ्याच घेतेस ना? तेव्हा पटलं. पुढच्या वेळेपासून वाक्य लांबायला लागलं की ती स्वतःच मुठीकडे बघायची आणि थांबायची.

तिसऱ्या वाटीत मात्र तिनंच मला शिकवलं. आपण मराठीत म्हणतो ‘विहिरीच्या मागे’. आधी विहीर, मग मागे. इंग्रजीत उलट, आधी मागे, मग विहीर. शाळेतल्या मुली वर्षानुवर्षं इथे अडखळायच्या आणि मी वर्षानुवर्षं त्यांना तेच ते समजावत असायचे. हिनं दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, “म्हंजे इंग्रजीत आधी हात दाखवायचा, मग वस्तू.” तिनं अंगठा खांद्यावरून मागे केला, म्हणाली ‘बिहाइंड’, आणि मग ‘द वेल’. तळवा खाली धरून ‘अंडर’, आणि मग ‘द ट्री’. हात हलवल्यावर एकदाही चुकली नाही. तीस वर्षांत हे मला का सुचलं नाही, याचा मी दोन दिवस विचार करत होते. निवृत्त झाल्यावर आपल्या कामातलं काही नवं कळलं की आनंद होतो आणि थोडा रागही येतो.

मग नवऱ्याचा प्रश्न आला. त्याच्या साखळ्या ती बिनदिक्कत मांडायची, पण त्याच्याबद्दल थेट बोलायची वेळ आली की विषय बदलायची. नाव तर ती घेतच नाही. ‘माय हजबंड’ म्हण, मी सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला.

“ते नको. कसं तरी वाटतं.”

“अगं, साखळीत म्हणतेस की. माझ्या नवऱ्याच्या भावाची बायको.”

“तिथं ते मधी येतात आणि जातात. इथं येऊन बसत्यात.”

मराठीत ती त्याला ‘पोरीचे बाबा’ म्हणते. तेच तिनं इंग्रजीत केलं: माय डॉटर्स फादर. मी वाक्य तपासलं. ‘स’ जागच्या जागी होता, मांडणी चोख होती. मी शाबासकी दिली. पुढे जे झालं त्यात निम्मी चूक माझी आहे, हे इथेच लिहून ठेवते.

त्यानंतर आम्ही घराचं वर्णन बसवलं. त्यांची घरं दोन आहेत. रस्त्याकडचं नवं, आणि पाण्याच्या टाकीमागचं जुनं. तिच्या सासूबाई नव्वदीच्या आहेत, त्या जुनं घर सोडायला तयार नाहीत. म्हणून रात्री त्यांच्या सोबतीला तिचा नवरा तिकडे झोपतो. हेही वाक्य तिनं सुंदर बसवलं, तिन्ही वाट्या वापरून.

शेवटी ताटाचं वाक्य. ते मी आधी माझ्या मनानं लिहून आणलं होतं. त्यात ‘ती उदास असताना तिला थोडा एकांत आवडतो’ अशा अर्थाचं छान इंग्रजी होतं. तिनं अर्थ विचारला, ऐकून घेतला आणि म्हणाली, “यात ताट कुठं हाय?” मी कागद परत पर्समध्ये टाकला. मग तिचंच वाक्य झालं: व्हेन माय डॉटर इज इन अँगर, पुट द प्लेट इन फ्रंट ऑफ हर अँड डोन्ट टॉक. ते ती मेथी निवडताना म्हणायची, टेम्पोत म्हणायची. नवऱ्याला पाठ झालं, असं तिनं मला सांगितलं.

पाहुणी जानेवारीत आली, सोबत मुलगी आणि होणारा जावई. मला बोलावणं होतं, पण अट घालून. “बाई, तुम्ही समोर बसा. मधी बोलू नका. तुम्ही बोललात की मी गप होईन.” मी कबूल केलं.

नव्या घराच्या पडवीत खुर्च्या मांडल्या होत्या. शेवंतीचे हार, समोर हुरडा, पेरू, तीळगूळ. पाहुणी साठीची, उंच, हसऱ्या डोळ्यांची बाई होती. ती बोलायला लागली आणि मी हादरलेच. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या मला तिच्या स्कॉटिश उच्चारांतलं चार शब्दांतलं एक कळेना. भाऊजी खुर्ची पुढे ओढून ‘येस, येस’ म्हणत होते, तेव्हा त्यांनाही कळत नव्हतं हे उघड होतं. आमची बाई मात्र तिच्या हातांकडे बघत होती आणि तिला बरंच कळत होतं.

सुरुवात झकास झाली. जाऊ, भावजय, सगळ्या बोटांच्या पेरांवर मोजून झाल्या. विहीर अंगठ्यानं मागे दाखवली. मग पाहुणीनं विचारलं, तुमच्या मिस्टरांचं नाव काय? हे तिनं सावकाश विचारलं, म्हणून मलाही कळलं.

आमची बाई म्हणाली, “माय डॉटर्स फादर.”

पाहुणीला वाटलं, आपला प्रश्न कळला नाही. तिनं दुसरीकडून विचारलं, ते इथेच असतात का?

यावर आमच्या बाईनं ते बसवलेलं वाक्य घडाघडा म्हटलं: पोरीचे बाबा टाकीमागच्या घरात त्यांच्या आईजवळ राहतात, आणि मी या घरात पोरीच्या काकूजवळ राहते.

माझ्या वर्गात असती तर मी दहापैकी दहा दिले असते. पाहुणीचा चेहरा मात्र पडला. तिकडच्या लोकांत बाई नवऱ्याला ‘माझ्या मुलीचा बाप’ म्हणाली, तर त्याचा अर्थ एकच होतो, की तो आता तिचा नवरा राहिलेला नाही. त्यात तो वेगळ्या घरात, आईकडे. पाहुणीनं पुढे झुकून आमच्या बाईचा हात हातात घेतला, थोपटला आणि हलक्या आवाजात, पुन्हा तशीच सावकाश म्हणाली, माझ्या मुलाचे वडीलही दुसऱ्या गावी राहतात. पंधरा वर्षं झाली. आपण दोघी सारख्याच.

मुलीनं कपाळाला हात लावला. जावई जमिनीकडे बघत ओठ चावत होता. भाऊजी उठलेच. “वेट, वेट, मॅडम,” ते म्हणाले, “माय ब्रदर व्हेरी गुड कॅरॅक्टर.” त्यामुळे पाहुणीला वाटलं, हे भावाची बाजू घेऊन भांडताहेत. तिनं आमच्या बाईचा हात आणखी घट्ट धरला.

मी खुर्चीचे हात धरून बसले होते. एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. पण मी कबूल केलं होतं.

आमची बाई पाहुणीच्या तोंडाकडे बघत राहिली. काहीतरी बिनसलंय एवढं तिला कळलं, मग मुलीकडे पाहिल्यावर काय बिनसलंय तेही कळलं. नेमका त्याच वेळी तिचा नवरा, डोक्यावर टोपी, हातात चहाचा ट्रे, आतून येऊन पाहुणीच्या खुर्चीमागे उभा राहिला होता.

“भाऊजी, तुम्ही बसा,” ती म्हणाली. ते बसले. बारा वर्षांत मी तिला त्यांच्याशी या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. मग ती पाहुणीकडे वळली. तिचे कान लाल झाले होते. तिनं आधी अंगठा मागे केला, मग हळूहळू, एकेक शब्द वेचल्यासारखा: “माय डॉटर्स फादर इज माय हजबंड अँड ही इज बिहाइंड यू.”

पाहुणीनं मागे वळून पाहिलं. ट्रेमधले कप किणकिणले. तो गडी इतका लाजला की त्यानं ट्रे पाहुणीच्या हातात दिला आणि आत निघून गेला. मग पाहुणी हसायला लागली, ट्रे हलायला लागला, जावयानं तो पकडला, आणि जाऊ म्हणाली, “अगं बाई, ‘हजबंड’ म्हणाली ही.” त्यावर आम्ही सगळेच हसलो. भाऊजी तेवढे नाही.

हसणं ओसरल्यावर मला वाटलं, आता ताटाचं वाक्य राहणार. गडबडीत विसरणार ही. पण तिनं पाहुणीच्या हातात पेरूची फोड दिली, खुर्ची जवळ घेतली आणि ते म्हटलं. व्हेनपासून टॉकपर्यंत, मध्ये एकदाही न थांबता. ‘इन फ्रंट ऑफ’ म्हणताना दोन्ही हातांनी ताट पुढे ठेवल्यासारखं केलं. मुलगी म्हणाली, “आई, हे काय सांगतेस?”

पाहुणीनं वाक्य ऐकलं आणि तिनं स्वतः ते परत म्हणून पाहिलं, तसंच हात पुढे करून. बरोबर ना? बरोबर. मग तिनं आपल्या मुलाकडे बोट दाखवून सांगितलं, की हा रागावला की रात्रंदिवस स्वयंपाकघर घासत बसतो, तेव्हा त्याच्या हातातला ब्रश काढून घेऊ नका. हे मला मुलीनं मराठीत सांगितल्यावर कळलं. आमच्या बाईला हातांवरूनच कळलं होतं. ती म्हणाली, “म्हंजे एक जेवणार नाय आणि दुसरा भांडी घासणार. जमतंय की.”

तर थोरले, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. लाल, निळी आणि हिरवी रेघ नीट मारायला शीक, कारण त्या तिन्ही हाताशी असल्या की फार थोड्या शब्दांत माणूस आपल्या घरातलं सगळं सांगू शकतो. पण वाक्य बरोबर आलं म्हणजे समोरच्याला बरोबर पोचलं, असं नाही. हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. तुझ्या बाईंना सांगू नकोस, त्यांना वाटेल मी अभ्यास न करायला फूस लावते आहे. आणि धाकट्या, तू ते घोरणारं चित्र पुन्हा पाठवलंस तर मी तुला बारा वाक्यं पाठवीन.

लग्न मेमध्ये झालं. वाट्या मी धुऊन परत स्वयंपाकघरात लावल्या आहेत, कारण बाई आता शिकवणीला येत नाही, भाजीलाच येते. ‘हजबंड’ हा शब्द त्या दिवसानंतर मी तिच्या तोंडून ऐकलेला नाही, तो पुन्हा ‘पोरीचे बाबा’ झाला आहे. पण दर रविवारी संध्याकाळी स्कॉटलंडहून विहिणीचा फोन येतो, आणि त्या दोघी अजूनही मध्ये कुणालाही न घेता अर्धा तास बोलतात.